काटा हलेना, मग गाडीही हलेना

सासऱ्यांच्या पश्चात त्यांची जुनी ब्रिटिश गाडी आमच्या दारात आली. गाडी छान चालायची. फक्त इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावरून हलत नव्हता. मी इथेच बडोद्यात मुलांना जन्मभर इलेक्ट्रिकल सर्किट शिकवून निवृत्त झालेलो. एक काटा हलवणं म्हणजे दुपारच्या चहाआधीचं काम, असं मी जाहीर केलं.

बायको म्हणाली, "बाबा त्या मीटरला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

मला वाटलं, वडिलांची आठवण. वस्तूंत इतकं गुंतू नये, असं मी तिला समजावलंसुद्धा.

डॅशबोर्डातून मीटर काढला. एक पांढरी वायर त्याच्या पाठीत शिरून पुन्हा बाहेर पडत होती. तिचे दोन्ही जोड सोडवले, टोकांना नीट टेप गुंडाळली, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. मीटर घरात टेबलावर उघडून ठेवला. संध्याकाळी बाजारात जायला गाडी काढली, तर स्टार्टर नुसता फिरत राहिला. इंजिन पेटेना.

पुढचे तीन रविवार मी बॉनेटखाली काढले. ठिणगी येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, शेवटी ठिणगी पाडणारी कॉइलसुद्धा नवीन बसवली. कॉइलपर्यंत वीज पोचते का, एवढंच पाहिलं नाही. तो पहिल्या वर्षाच्या मुलांचा प्रश्न होता.

मधे एकदा बायकोनं विचारलं होतं, मीटर काढायच्या आधी गाडी सुरू होत होती ना? मी तिला म्हटलं होतं, मीटर फक्त मोजतो, चालवत नाही.

अखेर जवळच्या छाणी गावच्या एका म्हाताऱ्या वायरमनना बोलावलं. माझं सविस्तर निदान त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पहेलां शुं खोल्युं?"

आधी काय उघडलं, याचं उत्तर म्हणून मी डॅशबोर्डातलं भोक दाखवलं. ते वाकले, माझ्या चिठ्ठ्या वाचल्या, टेप काढली आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडली. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. या मीटरमधूनच वायर पुढे कॉइलला जाते, असं त्यांनी अर्ध्या गुजराती, अर्ध्या मराठीत सांगितलं. एकामागे एक जोडलेलं सर्किट मधे तोडलं की सगळंच बंद पडतं. हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मी मान डोलावली, जणू त्यांचीच परीक्षा घेत होतो. बायको दारात उभी होती. ती हसली नाही, त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

मीटरचं दुखणं निराळंच निघालं. त्याला गाडीच्या बॉडीचं अर्थिंग देणारा स्क्रू गंजला होता. वायरमननी तो पॉलिश पेपरनं घासला, मीटर परत बसवला, आणि काटा थरथरत वर आला.

मी किल्लीकडे हात नेला, पण बायको आधीच स्टिअरिंगवर जाऊन बसली होती. सावलीच्या रस्त्यानं जाताना मी तिला फेऱ्यांचं महत्त्व, गिअर कधी बदलावा, काटा कुठे असावा, सगळं समजावून सांगितलं.

"ते आवाजावरून कळतंच की," ती म्हणाली आणि गिअर बदलला. मी काट्याकडे पाहिलं. अगदी योग्य वेळी बदलला होता.