ज्या पाणथळीकडे मी सायकल वळवली नाही

आमच्या रविवारच्या सायकल मंडळीत सगळ्यात म्हातारा मी. बाकीचे तिशी-पस्तिशीतले, पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले. काही ब्रेडा या डच शहरातलेच, काही बेस्ट नावाच्या गावाहून सायकली ट्रेनमध्ये घालून येणारे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या जन्माआधी मी डेल्फ्टला इंजिनिअरिंग शिकायला आलो आणि इथलाच झालो. म्हणून रस्ता ठरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इथं सायकलींचे रस्ते नंबरांनी जोडलेले असतात. खांबावरचा नंबर बघायचा आणि पुढच्या नंबराच्या दिशेनं वळायचं, इतकं सोपं. मी त्यांना कालव्यांच्या कडेनं नेलं, जुन्या किल्ल्यांच्या खंदकांवरून नेलं, जांभळ्या फुलांच्या माळावर तर इतक्यांदा नेलं की शेवटी लोक कुरकुरायला लागले.

फक्त बीसबॉसला कधी नेलं नाही. ब्रेडाच्या उत्तरेला, मोठ्या नद्या एकमेकींना भेटतात त्या भागात ही अफाट पाणथळ आहे. विलोच्या झाडांची बनं, बोरूची बेटं आणि त्यांच्यामधून हिंडणाऱ्या अरुंद खाड्या. जगभरातून लोक बघायला येतात. आमच्यापैकी कुणी विषय काढला की मी म्हणायचो, "डास फार आहेत हो तिथं." डास आहेतही. पण खरं कारण डास नव्हतं. तिथं माझी मुलगी काम करते.

तिला मी डेल्फ्टलाच घातलं होतं, जिथं मी शिकलो तिथंच. स्थापत्य अभियांत्रिकी. मार्क चांगले होते, तक्रार कुणाचीच नव्हती. तिसऱ्या वर्षात ती घरी आली आणि म्हणाली, मला हे पुढं करायचं नाही. मग तिनं जंगल आणि निसर्ग सांभाळण्याचं शिक्षण देणाऱ्या शाळेत नाव घातलं आणि पुढं बीसबॉसमध्ये बॉसवाख्तर झाली. म्हणजे रानाची राखण करणारी. हिरवा गणवेश, गुडघ्यापर्यंत बूट, नखांत चिखल. मी तिच्यावर ओरडलो नाही. मी त्याहून वाईट केलं. पुण्याला भावाला, नातेवाइकांना आणि इथल्या मराठी मंडळींना मी सांगत राहिलो, "ती पाण्याच्या व्यवस्थापनात आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं मोठी इंजिनिअर असेल, धरणं-बिरणं बांधत असेल. मी वाटू दिलं. ती झडपा उघडते, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडते, तेव्हा शब्दशः खोटंही नव्हतं, अशी मी मनाची समजूत घालायचो.

बायकोला हे अजिबात आवडायचं नाही. "पाण्याचं व्यवस्थापन म्हणे," ती म्हणायची. "मग नळ दुरुस्त करते असं तरी सांगा, लोकांना उपयोग होईल." ती दर महिन्याला डबा घेऊन लेकीकडे जायची आणि तिच्याबरोबर रानात फिरून यायची. मी कधी गेलो नाही. मुलीनंही कधी बोलावलं नाही. मी लोकांना काय सांगतो ते तिला माहीत होतं. घरात मराठी बोललेलं तिला सगळं कळतं, उत्तर मात्र ती डचमध्ये देते. आणि या विषयावर ती डचमध्येही कधी काही बोलली नाही.

गेल्या वसंतात मंडळींतल्या एका मुलीनं मला न विचारता बेत ठरवला. माळाला कंटाळली होती. तिनं बीसबॉसची वाटाड्यासोबतची फेरी ऑनलाइन नोंदवली आणि ग्रुपवर टाकलं, "या वेळी डास चावले तरी चालतील, काका." मी आजारी पडण्याचा विचार केला. पण तिथं बरेच जण कामाला असतात, आपलीच मुलगी येईल कशावरून, असंही वाटलं. खरं सांगायचं तर, मी नाही गेलो आणि तीच आली तर हे लोक तिच्याशी काय बोलतील, याची धास्ती जास्त होती.

छोट्या होडीतून सायकली पलीकडे नेल्या. धक्क्यावर ती उभी होती.

तिनं मला पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिला ते वाचता आलं. ती सगळ्यांकडे वळली, इंग्रजीत स्वागत केलं आणि एकेकाशी हात मिळवला. माझ्याशीही, तसाच, अनोळखी माणसाशी मिळवावा तसा. नुसतं पहिलं नाव सांगितलं. मला वाचवण्यासाठी ती परकी झाली होती. त्या हस्तांदोलनानं मला जे झालं ते आजवर कुणाच्या बोलण्यानं झालं नव्हतं.

मागून कुणीतरी मराठीत कुजबुजलं, "आपल्यातली वाटते रे."

"छे, सुरिनामची असणार, तिकडून आलेले आपल्यासारखेच दिसतात. आपल्यातली कोण चिखलात जाईल?"

बांधावरून सायकली निघाल्या. ती पुढं, मी सगळ्यात मागं. एका वळणावर तिनं सगळ्यांना थांबवलं आणि समोरचं पसरलेलं पाणी दाखवून विचारलं, इथं पूर्वी काय असेल? कुणालाच सांगता येईना. बटाट्याची शेतं होती, ती म्हणाली. माणसांनीच बांध फोडला आणि जमीन नदीला परत दिली, म्हणजे पूर आला की तिला पसरायला जागा मिळेल आणि शहरं कोरडी राहतील. मी स्थापत्य शिकलेला माणूस. बांध कसे घालायचे हे मी शिकलो होतो. कुठला बांध काढायचा हेही एक शास्त्र आहे, आणि माझी मुलगी ते वीसेक लोकांना उभं राहून इतक्या सहज समजावते आहे, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. नंतर तिनं तिवईवरची दुर्बीण फिरवली आणि उंच झाडावरचं समुद्रगरुडाचं घरटं प्रत्येकाला दाखवलं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या उंचीला बसेल अशी तिनं ती मुकाट्यानं खाली केली.

"काका, तुमचे डास कुठायत?" बेत ठरवणाऱ्या मुलीनं विचारलं. सगळे हसले.

मग सायकली लावून आम्ही विलोच्या बनात पायी शिरलो. तिथली वाट भरतीला पाण्याखाली जाते, समुद्र इतका लांब असूनही. वाटेवर टाकलेल्या फळीवरून खाली उतरू नका, असं तिनं बजावलं होतं. आमच्यातला एक उत्साही तरुण फोटोसाठी उतरलाच आणि गुडघ्यापर्यंत रुतला. तो जितका पाय ओढी तितका आत जाई. ती शांतपणे फळीवर पालथी पडली, त्याच्या टाचेशी हात घातला, चिखलात पाणी शिरेल एवढी फट केली आणि पाय बुटासकट बाहेर काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो तरुण फळीवर बसून धापा टाकत होता. मराठीत आपल्या मित्राला म्हणाला, "काय डोकं आहे हिचं. शिकली असती तर कुठल्या कुठं गेली असती. घरच्यांनी लक्ष दिलं नसणार, दुसरं काय."

ती पाठमोरी उभी होती. हातातली फांदी बाजूला सारताना तिचा हात थांबला. मला ते दिसलं. बाकी कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

"दिलं होतं लक्ष," मी म्हणालो. "डेल्फ्टला घातलं होतं. तिनं ते सोडलं आणि हे निवडलं. ती माझी मुलगी आहे."

आवाज अगदीच बारीक निघाला. तिनं वळून पाहिलं नाही. पण चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू नाही आलं."

मी मोठ्यानं बोललो. सगळ्या बनाला ऐकू जाईल असं.

मग बेत ठरवणारी म्हणाली, "काका! घरात ही असताना तुम्ही आम्हाला सहा वेळा त्या माळावर नेलंत?" रुतलेला तरुण लाल होऊन "सॉरी ताई, सॉरी" करत उठायला लागला. "आधी बुटातलं पाणी ओत," ताई म्हणाल्या.

परतल्यावर लोक धक्क्यावर चिवडा खात बसले. मी बाजूला जाऊन पुण्याला मोठ्या भावाला फोन लावला. घाई यासाठी की संध्याकाळपर्यंत माझा धीर टिकेल याची मला खात्री नव्हती. मुलगी जवळच नळाखाली बूट धूत होती.

"दादा, ती इंजिनिअर नाही. कधीच नव्हती. ती रानाची राखण करते."

"म्हणजे फॉरेस्ट ऑफिसर?" दादाचा आवाज उजळला. "परीक्षा देऊन?"

किती सोपं होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी पुढची दहा वर्षं निघाली असती.

"ऑफिसर नाही रे. चिखलात उतरते. झाडं छाटते, पाणी सोडते, रुतलेल्या माणसांना बाहेर काढते. आज माझ्यासमोर काढलं एकाला. गरुडांवर पहारा देते. आणि इथून बीव्हर, ते झाडं कुरतडून बांध घालणारे प्राणी, पार नाहीसे झाले होते, ते हिनं परत आणले. दादा, आपल्या अख्ख्या घराण्यात असं काम करणारी ही एकटी आहे."

"मग इतकी वर्षं लपवलंस कशाला, मूर्खा?" दादा म्हणाला. फोन ठेवला तेव्हा ती हात पुसत माझ्यासमोर उभी होती.

"बीव्हर मी नाही आणले," ती म्हणाली. "ते आले तेव्हा मी डायपरमध्ये होते."

"असू दे गं, दादाला काय कळतंय."

"नाही बाबा. परत लाव फोन."

मी परत लावला.

"आता काय?" दादा म्हणाला.

"बीव्हरचं चुकलं माझं," मी म्हणालो. "बाकी सगळं खरं आहे."