झाडपाल्याची फाईल

मुरबाडहून येणारा रस्ता आमच्या दारातच संपतो. पुढे चढणीची कच्ची वाट आणि तिच्या टोकाला हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याचं घर. त्यामुळे पार कसाऱ्यापासून कुणी हात गळ्यात बांधून येवो की पाय खुरडत, पत्ता आमच्याच ओट्यावर विचारतो. वाट दोनदा फुटते, तोंडी सांगून कुणाला कळत नाही. मग माझा नवरा उठतो आणि लंगडत पुढे चालून दाखवतो. लंगड्यानं हाडवैद्याची वाट दाखवायची! येणारे ह्यांचा पाय बघतात आणि त्यांचा म्हाताऱ्यावरचा विश्वास निम्मा होतो.

पण ह्यांचा पाय म्हाताऱ्यानं बिघडवला नाही. तो फौजेत असताना बर्फात मोडला. पाठीवर रसद घेऊन चौकीवर चढताना हे घसरले. तिथल्या इस्पितळात प्लास्टर घातलं, महिनाभर ठेवलं आणि प्लास्टरसकट रजेवर घरी धाडलं. घरी आठ दिवसांत पाय सुजला, बोटं काळीनिळी. भाताच्या आवणीचे दिवस, शहापूरला न्यायला गाडी मिळेना. मीच धावत जाऊन म्हाताऱ्याला घेऊन आले. त्यानं प्लास्टर कापलं, नडगीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "पोरी, हाड वाकडंच बसवलंय गो इस्पितळवाल्यांनी. आता जुळत आलंय, मी नाय मोडायचा. सूज उतरंल, तेवढा पाला बांधतो." हाडसांधीचा पाला आणि बांबूच्या कामट्या. सूज उतरली. हाड वाकडं होतं ते वाकडंच राहिलं.

हे परत गेले तेव्हा तिकडच्या डॉक्टरनं विचारलं, प्लास्टर कुणी काढलं? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पावसात भिजून गळून पडलं साहेब. आमचे हरिश्चंद्र म्हणाले, झाडपाला बांधला. झालं! तेवढं एक वाक्य फाईलीत जाऊन बसलं ते अजून उठलेलं नाही.

पुढे पाय चालत नाही म्हणून ह्यांना फौजेतून घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन मागितली तर उत्तर आलं: अपंगत्व सेवेमुळे नाही, रजेवर असताना घेतलेल्या अशास्त्रीय उपचारामुळे. पैशाचं राहू द्या असं म्हणणारी मी साध्वी नाही, पैसा हवाच होता. पण ह्यांना दुसरंच लागलं. म्हणाले, "मी घरी बसून पाय मोडला असं लिवलंय गो. तेवढं खोडून द्या म्हनावं. बाकी काय नको."

तेवढं खोडायला आम्ही पहिलं अपील केलं. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर आपलं गाऱ्हाणं नेऊन ठेवायचं, याला अपील म्हणतात. शेजारच्या टेबलानं तेच वाक्य उतरवून काढलं आणि खाली नवी सही ठोकली. आम्ही लिहिलं होतं, रजेआधीचा एक्स-रे काढून बघा, वाकडं हाड त्यात दिसेल. उत्तर आलं, उपलब्ध नाही. बंदुकीची एक गोळी कमी भरली तर अख्खी पलटण उन्हात उभी करतात, आणि माणसाच्या हाडाचा फोटो उपलब्ध नाही! झेंडावंदनाला मात्र ह्यांना शाळेत खुर्ची, शाल, नारळ. दरवर्षी नारळ.

दुसऱ्या अपिलाचा कागद करायला शहापूरला गेलो. कोर्टासमोर टाइप करणारा मोठा हुशार. म्हणाला, "वहिनी, हे झाडपाल्याचं काढूनच टाका. प्लास्टर आपोआप तुटलं असं टाइप करतो." मी म्हटलं, करा. हे म्हणाले, "नाय. झालं तेच लिव." टाइप करणारा माझ्याकडे बघून हसला. मला दोघांचाही राग आला, ह्यांचा जास्त.

अपील गेल्यावर ह्यांना पुन्हा तपासायला बोलावलं. मोठं इस्पितळ, थंडगार खोली, टेबलामागे तीन डॉक्टर आणि कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. बाई आत नको म्हणाले. मी गेलेच. ह्यांनी लंगड्या पायानं टाच जुळवून सलाम ठोकला, कपाळ माझं! मधल्या मोठ्या साहेबांनी पायाकडे एकदा पाहिलं, हातसुद्धा लावला नाही. बाजारातली बाई वांगं घेतानादेखील उलटून बघते. नजर लगेच फाईलीत. "झाडपाला बांधला होता?" ह्यांनी छाती काढून सांगितलं, "हो साहेब."

कारकून ते लिहायला वाकला आणि मला वास आला. तुरट, कडवट, तेलात कुटलेल्या हाडसांधीचा वास. तो मला झोपेतही ओळखू येईल. उन्हाळ्याचे दिवस, आणि कारकुनाचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, डावा कफ बोटांपर्यंत ओढलेला. खाई त्याला खवखवे. मी विचारलं, "दादा, हात कधी मोडला?"

त्यानं हात टेबलाखाली घेतला. मी कुठली सोडते! म्हटलं, "साहेब, यांची बाही वर करा. आमच्याच म्हाताऱ्याचा पाला आहे. यांच्या फाईलीतपण लिहा, अशास्त्रीय उपचार. का आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?"

हे मला चिमटा काढत होते. मोठे साहेब कारकुनाला म्हणाले, "दाखव." त्यानं बाही सारली. खाली कामट्या, त्यावर सुती पट्टी. साहेबांनी तो हात धरला, उलटासुलटा करून नीट पाहिला. मग विचारलं, "आराम पडला?"

"हो सर. चार दिवसांत."

साहेब ह्यांच्याकडे वळले. "कुठं राहतो हा माणूस?" आणि ह्यांनी सावधानमध्ये उभं राहून पत्ता सांगितला. मुरबाडपासून कुठं वळायचं, पहिला फाटा उजवीकडे, दुसरा डावीकडे. साहेबांनी तो आमच्याच फाईलीतल्या एका कोऱ्या कागदावर लिहून घेतला, कागद फाडला आणि खिशात घातला. त्या दिवशी आमच्या तोंडून निघालेलं तेवढंच त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

मी वेडी, येताना एसटीत ह्यांना म्हटलं, जिंकलो आपण. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणतील? घरी येऊन गोडाचा शिरा केला. हेही हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

निकालाचा कागद आला तो एका शनिवारी. अपंगत्व सेवेमुळे नाही. रजेवर असताना घेतलेल्या अशास्त्रीय उपचारामुळे. एक अक्षर बदललं नव्हतं. खाली मोठ्या साहेबांची सही. ह्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि गुरांना पाणी दाखवायला गेले. मी मात्र संध्याकाळपर्यंत तोंडाला येईल ते बोलत होते, ऐकायला कोंबड्या होत्या.

रविवारी सकाळी दारात पांढरी गाडी थांबली. पुढच्या सीटवर मोठे साहेब, मागे त्यांची म्हातारी आई, गुडघ्याखाली उशी. ड्रायव्हरनं काच खाली केली. "हाडवैद्याचं घर कुठं?" साहेब माझ्याकडे बघत होते, पण ओळख नाही. कशी असेल? फाईल ओट्यावर नव्हती ना.

मी आत जाऊन कागद घेऊन आले. म्हटलं, आज गाडीसमोर हाच धरते. हे चप्पल घालत होते. मी म्हटलं, "हे तेच साहेब."

"दिसलं मला."

"मग?"

"त्यांच्या आयशीला दुखतंय गो," म्हणाले आणि वाटेला लागले.

हे पुढे, गाडी मागे. चढण आहे, वाट अरुंद, ह्यांच्या पुढे काढायला जागा नाही. पाय टाकला की कंबर एका बाजूला पडते, मग ते दुसरा ओढून घेतात. गाडी त्यांच्या चालीनं सरकत होती आणि साहेब काचेतून समोर बघत होते. दुसरं काही बघायला तिथं नव्हतंच. तपासणीत जे बघायला त्यांना एक मिनिट मिळालं नाही, ते आता पार म्हाताऱ्याच्या दारापर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर चालणार होतं.

मी कागद हातात धरून ओट्यावर उभी होते. पहिल्या फाट्याशी गाडीनं हॉर्न वाजवला. मग दुसऱ्यांदा वाजवला. आणि हे माझे, देवा रे, भरभर चालायला लागले.