लेकीचं कॉलेज बघायला महाडला

लेक दहावी पास झाली आणि म्हणाली, "मला महाडच्या कॉलेजात जायचंय. आर्ट्सला." मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका, पण कॉलेजची पायरी कधी चढले नव्हते. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं, म्हणजे पोर महाडलाच खोली घेऊन राहणार. शेजारीण म्हणाली, "पोरगी हातची जाईल गो." माझे मालक मुंबईला गिरणीत. त्यांनी निरोप धाडला, तूच बघून ठरव.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. कॉलेज म्हणजे कौलारू बैठी इमारत, चार-पाच वर्ग. पायऱ्यांवर पोरं बसलेली. आम्ही जवळ गेलो तशी गप्प झाली. लेकीचा हात मी घट्ट धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

प्राचार्य सज्जन वाटले. "इतिहासाचा तास चालू आहे, बसू दे तिला," म्हणाले. लेक मागच्या बाकावर जाऊन बसली. मी इमारतीला वळसा घातला. मागं विहीर होती, कठडा नसलेली. तिथून माझे पाय भराभर परत फिरले.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला, पण लेक कुठं दिसेना. पायऱ्यांवर नाही, फाटकापाशी नाही. पोरं हसत होती, कशाला कोण जाणे. मी पुन्हा विहिरीकडे धावले, आत वाकून पाहिलं. पाणी काळंभोर, हलत नव्हतं.

ती मुलींच्या खोलीत सापडली. दोन मुलींबरोबर बसली होती. एकीनं माठातल्या पाण्याचा पेला तिच्या हातात दिला होता आणि ती पीत होती. आमच्या वाडीबाहेर असा पेला आमच्या जातीच्या माणसाला सहज कुणी देत नसे. मी धावत आलेली, दारातच उभी.

"आई, काय झालं गो?"

"चल घरी. इथं नाय ठेवायची तुला."

स्टँडवर एस.टी. लागली तेव्हा लेक एवढंच म्हणाली, "तू घाबरलीस म्हणून मी घरी बसायचं काय?"

मी उचललेली पिशवी खाली ठेवली. गाडी सुटली, आम्ही चढलो नाही. परत कॉलेजात गेलो. प्राचार्यांना मी एकच सांगितलं, "साहेब, आधी त्या विहिरीला कठडा बांधा." त्यांनी मान डोलावली.

लेक तिथंच शिकली, पदवी घेतली. माझी भीती काही गेली नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला की, महाडहून लेकीची काही वाईट खबर तर नाही ना, असं वाटून माझ्या हातातला खडू थांबायचा.