गरीब नाय, मारकी हाय

मराठीत काही शब्द एकटे कधी हिंडत नाहीत. जिथे "गरीब" तिथे "व होतकरू" आलंच. आमच्या भागात नुसत्या गरिबाला कुणी विचारत नसे, कारण गरीब तर सगळेच. नुसतं होतकरू असूनही चालत नसे. घरचं खाऊनपिऊन होतकरू असला की त्याला आगाऊ म्हणत. दोन्ही एकदम असाल तरच शाल, नारळ आणि कॉलेजची फी. ही जोडी ज्या कुणी पहिल्यांदा जुळवली तो गृहस्थ मला एकदा भेटायला हवा होता. चांगली खरडपट्टी काढली असती.

आमची वाडी पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगरात. माणसं मोजकी, गुरं भरपूर. शाळा खाली गावात. रोज सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. यात काही दुःख आहे हे मला शाळा संपेपर्यंत माहीतच नव्हतं. ते पुढे महाडच्या समारंभात कळलं, तेही लिहून दिल्यावर.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी दहावी झाले. जुनी माणसं तेव्हाही मॅट्रिकच म्हणत. मार्क चांगले पडले. आता पुढे काय, तर कॉलेज महाडला आणि आम्ही डोंगरावर. पावसात तर रोज जाणं-येणं शक्यच नाही. म्हणजे महाडला कुणाकडे तरी राहायचं, फी भरायची, पुस्तकं घ्यायची. आमच्या घरात दूध होतं, तूप होतं, नाचणी होती, कोंबड्या होत्या. रोख पैसा तेवढा नव्हता. आणि मुंबईहून एक स्थळ येऊन बसलं होतं. मुलगा कारखान्यात, खोली एक, खोलीत माणसं सात. आठवी मी झाले असते. कॉलेज जमलं नाही तर लग्न, इतका सरळ हिशेब होता.

माझ्या थोरल्या बहिणीचं आदल्याच वर्षी झालं होतं. ती स्वभावाने फार शांत. सासरी पहाटेपासून राबायची आणि वर बोलणी खायची. बाबा एकदा तिला बघून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. काय बघितलं ते आईने विचारलं तेव्हा उठून गोठ्यात गेले.

अशात शाळेतले गुरुजी डोंगर चढून आमच्याकडे आले. म्हणाले, महाडला एक शेठ आहेत, लाकडाची वखार आहे त्यांची, ते दरवर्षी कैलासवासी मातोश्रींच्या नावाने शिष्यवृत्ती देतात. या मातोश्रींबद्दल बाजारात वेगळंच ऐकू यायचं. हयात असताना त्या मागच्या पडवीत पडून असत आणि त्यांच्या खोकल्याचा शेठना त्रास होई. निरक्षर बाई. पण वारल्यावर त्यांना शिक्षणाची अशी काही गोडी लागली की बोलायची सोय नाही.

"गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना देतात," गुरुजी म्हणाले.

आई ताक घुसळत होती. ती म्हणाली, "करडू ऐकलंय, वासरू ऐकलंय, लेकरू ऐकलंय. ह्यो होतकरू कुनाचा पिल्लू?"

गुरुजी हसले आणि त्यांनी समजावून सांगितलं, पुढे काहीतरी होणारा तो होतकरू. आई म्हणाली, "मंग तसा सांगा ना." होतकरूचा खुलासा झाला तो असा. "गरीब"चा खुलासा करायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. तो शब्द काय, सगळ्यांनाच येतो! तिथेच घोळ झाला.

लावणीचे दिवस होते. बाबा लावणी टाकून माझ्याबरोबर निघाले. धुतलेलं धोतर, वर काळी टोपी आणि हातात तुपाचा तांब्या. पोलादपूरहून एस.टी.ने महाड. चवदार तळ्याजवळ बसून भाकर सोडली. दर वीस मार्चला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते इतकी माणसं येतात, आणि त्या दिवशी शेठची वखार बंद असते, असं गुरुजींनीच एकदा सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही, मला कळलं होतं.

वखारीच्या माडीवर समिती बसली होती. मधे शेठ. उजवीकडे एक रिटायर्ड हेडमास्तर, यांचं मराठी इतकं शुद्ध की ऐकून घशाला कोरड पडावी. डावीकडे वकील, ते फुकट तोंड उघडत नसत.

माझ्या आधी नाते गावच्या बौद्धवाडीतली एक मुलगी आत गेली. मार्क माझ्यापेक्षा जास्त. गेली तशी बाहेर आली. मी विचारलं, "काय गं, काय विचारलं?"

"काही नाही. म्हणाले, तुम्हाला काय, तुम्हाला सरकार देतंच की." मग चपला शोधता शोधता म्हणाली, "जा आत. आत वेगळं सरकार बसलंय."

पुढे ती कॉलेजात माझ्याच बाकावर होती. तिची सरकारी शिष्यवृत्ती यायची ती परीक्षा उरकल्यावर. तोवर तिचा बाप गिरणीतल्या भावाच्या हातापाया पडून फी भरायचा. पण शेठची रीत अशी की दुसरा देतोय म्हटलं की आपण सुटलो.

आम्ही आत गेलो. बाबांनी तुपाचा तांब्या शेठसमोर ठेवला. शेठनी तो डोळ्यांनीच वजन करून बाजूला सरकवला आणि गुरुजींची चिठ्ठी मोठ्याने वाचली. "मुलगी गरीब व होतकरू आहे." मग मान वर करून बाबांना विचारलं, "काय हो, आहे ना गरीब?"

आता आमच्या डोंगरावर माणसाला कुणी गरीब म्हणत नाही. गरीब म्हणतात ती गाय. जी शिंग उगारत नाही, लाथ झाडत नाही, कुणीही आचळाला हात लावला तरी उभी राहते, ती गरीब. आणि मारकं जनावर गरीब म्हणून विकणं यासारखं पाप नाही. शेजारच्या वाडीत एकाने तसं केलं होतं, तर त्याच्या नातवालाही लोक त्यावरून ओळखत. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"नाय शेठ," ते म्हणाले. "देवाच्यान खोटं कशाला बोलू? गरीब नाय. मारकी हाय."

"काय?"

"मारकी. तोंडानं हो. कुनी आडवा गेला तं सोडत नाय. पन कामाला कडक. आदी सांगितलेला बरा, मागनं तुमी म्हनाल फसवला."

शेठ हेडमास्तरांकडे बघतायत, हेडमास्तर वकिलांकडे, आणि वकील पंख्याकडे. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "अहो गृहस्थ, आम्ही विचारतो आहोत, गरीब आहात की नाही?"

"गरीब ती मोठी," बाबा म्हणाले. "तिला दिली गेल्या साली. गरीब बिचारी, कुनीबी हाका. चार मानसांचं काम वढते नि हूं नाय का चूं नाय." इथे ते जरा थांबले. "ही तशी नाय. म्हनून तं हिला शिकवायची."

त्या खोलीत दोन्ही मराठी कळणारी मी एकटी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं एकीकडे होत होतं. आणि दुसरीकडे बाबांवरून नजर हलत नव्हती. माझ्या तोंडाळपणाबद्दल घरात मी जन्मभर बोलणी खाल्ली होती. तोच माझा गुण आहे, त्याच्यासाठीच हा माणूस लावणी टाकून इथवर आलाय, हे मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

शेठनी चिठ्ठीची घडी घातली. "गरीब नाही असं वडीलच म्हणतात. मग कसं काय द्यायचं? नियम आहे."

आता गप्प बसले असते तर मुंबईची आठवी मी. म्हणून बोलले. "शेठ, आमच्याकडे गरीब म्हणजे शांत. गुराला म्हणतात. बाबांना वाटलं, तुम्ही माझा स्वभाव विचारताय."

आणि मग शेठ जे हसायला लागले! पोट धरून, मांडीवर थाप मारून. वकीलसुद्धा हसले, तेही फी न घेता. हेडमास्तरांनी खालच्या दिवाणजीला हाक मारून वर बोलावलं आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग तोही हसला, पगारी माणूस, न हसून सांगतो कुणाला! बाबाही सगळ्यांकडे बघून हसले. त्यांना वाटलं, काहीतरी चांगलं झालं. ते मला सगळ्यात जास्त लागलं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मग त्यांनी मला हळूच विचारलं, "काय झालं गो?"

मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. "बाबा, यांच्यात गरीब म्हंजे ज्याच्याकडं काय नाय तो. आपल्याकडं काय नाय, असं सांगायचं."

बाबांचं हसू गेलं. डोंगर चढून आलेल्या माणसाला ताक पाजल्याशिवाय त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं. शिकाऱ्यापासून फॉरेस्टच्या गार्डपर्यंत सगळे आमच्या ओटीवर जेवून गेलेले. "आपल्याकडे काय नाय" हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं असतं तर आजीने तोंडावर मारलं असतं.

शेठ डोळे पुसत म्हणाले, "हं, आता सांगा. आहात ना गरीब?"

बाबांनी तुपाच्या तांब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हात जोडले.

"हाय शेठ. गरीब हाय. लय गरीब हाय."

ते "लय" त्यांनी आपल्या मनाने घातलं. सौदा मोडू नये म्हणून मापावर मूठभर जास्त घालतात, तसं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. पण पैसे लगेच मिळत नसत. पंधरा ऑगस्टला समारंभ, समारंभात विद्यार्थ्याचं मनोगत, आणि मनोगतानंतर पाकीट. मन माझं असलं तरी मनोगत हेडमास्तर लिहून देत. दरवर्षी तेच, फक्त गावाचं नाव बदलायचं. त्यात मिणमिणती चिमणी होती, अनवाणी पाय होते, आईचं फाटकं लुगडं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे कंदील आहे आणि आईचं लुगडं धड आहे. हेडमास्तर म्हणाले, "वाङ्मय आहे ते. समजून घे." स्टेजवर जाताना त्यांनी मला चपला काढायला लावल्या. मनोगतात अनवाणी आहे म्हणून!

हॉल भरलेला. बाबा तिसऱ्या रांगेत, मांडीवर टोपी. शेठ बोलायला उठले. मातोश्रींची आठवण काढून गहिवरले, आणि गहिवर ओसरल्यावर त्यांनी तो किस्सा सांगितला. बाबांचा आवाज काढून. "गरीब नाय शेठ, मारकी हाय!" सगळा हॉल हसला. लोक माना वळवून बाबांना बघायला लागले. बाबा या खेपेला हसले नाहीत.

मग माझं नाव पुकारलं. मी वाचलं. होय, वाचलं. चिमणी वाचली, अनवाणी वाचलं, फाटक्या लुगड्याशी शेठाणीबाईंनी रुमाल काढला, तोही ठरल्याप्रमाणे. पुढे वाक्य होतं, "मी एका गरीब, अडाणी पित्याची कन्या." गरीब म्हटलं, आणि पुढचा शब्द मी गिळला. मागून हेडमास्तर कुजबुजले, "अडाणी." मी थांबले नाही. ते पुन्हा, "अडाणी, अडाणी!" माइक तो आवाजही घेत होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला वाटलं, कुणाला तरी हाक मारतायत, ती मागे वळून शोधायला लागली.

टाळ्या झाल्या. पाकीट मिळालं. चपला घातल्या. एस.टी.त बाबा खिडकीबाहेर बघत बसले. कापड्याला उतरून चढ लागला तेव्हा माझा बांध फुटला.

"नको मला त्यांचे पैसे," मी ओरडले. "उद्या जाऊन तोंडावर फेकून येते. त्यापरीस मुंबईचं स्थळ बरं."

बाबा थांबले. माझ्या हातातलं पाकीट घेतलं, पावसाने भिजू नये म्हणून टोपीत गुंडाळलं आणि माझ्या पिशवीत तळाशी कोंबलं.

"गप," ते म्हणाले. "घरात दोन गरीब झाली. एक तुजी बहीन, नि आता मी. तिसरा नको. तू मारकीच ऱ्हा."