ताईचा बर्फ
असिलकान खिंडीतून परतली नाही, त्याला तीन हिवाळे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसलो खरा, पण मी तिला ओळखत होतो ते कुंपणापलीकडची शेजारीण म्हणून, एवढंच.

आमच्या नारीन खोऱ्यातल्या रेडिओवर ती आठवड्याचं हवामान वाचायची. तिचा धाकटा भाऊ जुमाबेक थंडी पडेपर्यंत खिंडीपलीकडे मेंढ्या राखायचा. त्यानं वेळेत उतरावं म्हणून ती दरवर्षी बर्फ थोडा आधीच सांगायची. त्याला ते ठाऊक होतं. "ताईचा बर्फ नुसता तोंडातून पडतो," असं म्हणत तो निवांत उतरायचा.

त्या वर्षी मात्र बुधवारपासून खरंच मोठा बर्फ पडणार होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "जुमाबेक, या वेळी खरं सांगतेय रे."

मंगळवारी दुपारपर्यंत खिंडीतून एकही मेंढी उतरली नाही. तिनं घोड्यावर खोगीर घातलं.

"थांब पोरी, येईल तो," मी म्हणालो.

"नाही येणार, आबा. हसत बसला असेल. संध्याकाळी गाईला चारा टाका, आणि गोठ्याचं दार ओढून घ्या. कुत्रं शिरतं."

"टाकतो," मी म्हणालो.