उन्हातल्या बाटलीचा पंचनामा

माझी फजिती ऐकायचीय? मग चहा घ्या, आणि मध्ये बोलू नका!

गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. कर्जतच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे जाधव सर कॉलेजच्या गच्चीवर प्रयोग करायचे आणि सांगत सुटले होते: कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडा, एक पांढरी भुकटी घाला, वर ऊन पडू द्या. भुकटी खर्च होत नाही, पण उन्हाच्या जोरावर त्या वायूचं इंधन व्हायला लागतं. शेवटी तपासणीचं रसायन घालून पाणी जांभळं झालं, की समजायचं जमलं!

माझं डोकंच फिरलं. धुरातल्या वायूचं इंधन? मग खोपोलीच्या कारखान्यांनी काय चिमणीवर हंडे लावायचे? मी पडलो पत्रकार, आमच्या पेपरात ठणकावून छापलं: ‘गच्चीवरची भोंदूगिरी’!

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, दहिवलीचे तात्या, बिथरले. "मास्तर, रंग त्या भुकटीचाच असंल. ऊनबिन काय नाय. उद्या दाखवा, नायतर गच्ची खाली करा!"

पंच कोण? अर्थात मी!

सकाळी सरांनी दोन बाटल्या सारख्याच भरल्या. एक मी उचलली. पोलीस मुद्देमाल बांधतात तशी माझ्याच बातमीच्या अंकात गुंडाळली. वर सुतळी, लाख, माझी सही.

"अहो, पण हा कागद..."

"पंचनामा मला शिकवू नका! एक शब्द नको. खाली जा!"

गेले बिचारे. दुसरी बाटली मुद्दाम उघडी ठेवली. म्हटलं, तिच्यात कुणी काही टाकायला येऊ दे, रंगेहाथ धरतो!

दिवसभर टाळू भाजली, पण जागचा हललो नाही. कुणी फिरकलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तपासणी झाली. उघडी बाटली जांभळी. माझी? नितळ पाणी!

"बघा तात्या! सील केलं तिथे डाळ शिजली नाही!"

तात्यांनी फाडलेला कागद हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला. "भाऊ, ह्यातनं ऊन कुठनं शिरलं रं?"

मी खाली पडलेले लाखेचे तुकडे वेचायला लागलो.

"भुकटी दोनीत हाय. ग्यास दोनीत हाय. ह्या बाटलीला ऊन तेवढं नाय. मंजी रंग भुकटीचा नाय! मास्तर, गच्ची तुमची!"

सर माझा हात सोडेनात. "साहेब, अशी झाकलेली बाटली मी ठेवली असती, तर सगळ्यांना लबाडीच वाटली असती. तुमच्या सहीवर कोण शंका घेणार?"

मी तरातरा जिन्याकडे निघालो. मागून तात्या ओरडले, "ओ पत्रकार! उद्या परत या. अजून बाटल्या बांधायच्या हायत. आन् कागद तुमच्या पेपराचाच आना, ऊन जरासुदीक शिरत नाय!"

आता मी काय माघार घेणारा माणूस आहे? सकाळी रद्दीचा गठ्ठा घेऊन सरांच्याही आधी गच्चीवर हजर!