साठ म्हणजे साठ

"छप्पन! सत्तावन्न! अगं, पोट आत! अठ्ठावन्न!"

मी बोंबलत होतो आणि बायको गोधडीवर कोपरं नि चवडे टेकून फळीसारखी सरळ. गळ्यातली पोत लोंबकळत होती, पण कंबर हलत नव्हती. मोबाईलवर साठ झाले तशी मी जोरात शिट्टी मारली. शेजारीण धावत आली, तिला वाटलं भांडण लागलं. बघते तर ही पालथी पडून हसतेय! "अहो, आज खरं साठ ना? का परत लूमवालं?"

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

लूमवालं साठ काय, ते सांगतो. पाळी बंद झाली तशी तिची कंबर धरायला लागली. पुरुषाने असलं बोलू नये म्हणतात. मी बोलणार, कारण दोन वर्षं ती नुसत्या गोळ्या खात होती आणि मी 'वय झालं' म्हणत बसलो होतो. अक्कल नव्हती मला. शेवटी दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, "काकी, पोटापाठीचे स्नायू ढिले पडलेत. ते घट्ट झाले की कंबरेवरचा भार कमी होईल." आधी उताणं झोपून ढुंगण उचलायचं, मग गुडघे टेकून, मग हे फळीसारखं. श्वास कोंडायचा नाही, दुखलं तर थांबायचं. मोजायचं काम माझं.

नारपोलीत चाळीस वर्षं कापडाचा लूम चालवला मी. माझं मोजणंही त्याच चालीचं, खटखट खटखट. महिन्याने मॅडमने स्वतः घड्याळ लावलं. "बाबा, तुमचं साठ म्हणजे माझं पस्तीस!"

बायको तिथंच उखडली. "अख्खा महिना फसवलंत मला!" तेव्हापासून मोबाईल.

विहारात वंदनेला तिला भिंतीकडच्या खुर्चीवर बसावं लागायचं. त्या रांगेला ती 'भंगार लाइन' म्हणायची. तिने पैज लावली होती, खरं साठ झालं की येत्या पौर्णिमेला खाली, सगळ्यांच्या पुढे, मांडी घालून बसणार. पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीसुद्धा!

खरं साठ झालं त्या दिवशी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्याच रात्री झोपेत तिचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, व्यायामाचा काही संबंध नाही. तरी मी तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो. त्याच्या दुसऱ्या सकाळी पौर्णिमा. लेक म्हणाली, "बाबा, आज राहू द्या." आमच्यात सुतक नसतं. गेलो. एकाने खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, "काढ ती."

सगळ्यांच्या पुढे मांडी घातली, पोट आत घेतलं, पाठ ताठ केली. गुडघे ठणकत होते. बाजूला तिच्यापुरती जागा सोडली आणि सगळी वंदना म्हटली, सावकाश.